दादासाहेबांचे डोळे

एप्रिल संपताना आणि मे सुरू होताना मराठी माणसाच्या दिनदर्शिकेत तीन तारखा जवळजवळ येतात. ३० एप्रिल ही दादासाहेब फाळके यांची जयंती. १ मे हा महाराष्ट्र दिन. आणि ३ मे हा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत प्रेक्षकांसमोर आला तो दिवस. दरवर्षी या दिवसांत भारतीय चित्रपटाच्या जनकावर लेख येतात, प्रतिमेला हार घातले जातात. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहे, त्या आपल्या कोल्हापूरकरांना या आठवणींचे वेगळे अप्रूप असते.

आरोग्याच्या सदरात फाळके कशाला, असे कोणी विचारील. पण त्यांचे चरित्र डॉक्टरच्या नजरेने वाचले की त्यात प्लेग भेटतो, रसायने भेटतात, डोळ्यांचे शरीरशास्त्र भेटते आणि ऐन उमेदीत गेलेली आणि परत मिळालेली दृष्टी भेटते. चित्रपट ही कला मुळात डोळ्यांवर उभी आहे. ती ज्याने आपल्याकडे रुजवली, त्याचेच डोळे तिच्या पायी जायची वेळ आली होती. ही हकिगत आपण बहुतेक वेळा त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती उपचाराची गोष्ट वाटते.

प्लेगने मोडलेला पहिला संसार

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईत आले. धुंडिराजांचा ओढा चित्रकलेकडे. १८८५ मध्ये ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण, छपाई, वास्तुरचना असे जे जे शिकता येईल ते शिकले. हातात ब्रश, डोळ्याला भिंग आणि डोक्यात रसायनशास्त्र, अशी तयारी इथेच झाली.

पुढे गुजरातमध्ये गोध्रा इथे त्यांनी फोटो स्टुडिओ थाटला. धंद्याचा जम बसत असतानाच प्लेग आला. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली ही साथ पुढची काही वर्षे पश्चिम भारतात गावोगाव फिरत होती. कोल्हापूर संस्थानही तिच्या तडाख्यातून सुटले नाही. १९०० च्या सुमारास गोध्र्यात फाळके यांची पहिली पत्नी आणि मूल प्लेगने गेले. त्यांनी गोध्रा सोडले.

त्या वेळी वैद्यकाच्या हाती काय होते? प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये ओळखला गेला होता. हाफकिन यांनी मुंबईतच १८९७ मध्ये लस तयार केली होती. उंदरांवरच्या पिसवांमुळे रोग पसरतो, हे १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. लागण झालेल्या माणसाला बरे करणारे औषध मात्र नव्हते. आज वेळेत निदान झाले तर स्ट्रेप्टोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन अशा प्रतिजैविकांनी प्लेग बरा होतो. अशी औषधे चाळीस-पन्नास वर्षे उशिरा येऊ लागली. त्या अवधीत लाखो घरे उजाड झाली. फाळक्यांचे घर त्यांतले एक.

त्यानंतरचे फाळके अनेक धंद्यांतून फिरलेले दिसतात. जादूचे प्रयोग शिकले आणि केलेही. आपल्या आडनावाची अक्षरे उलटून ‘प्रोफेसर केल्फा’ असे नाव घेतले. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. त्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. काही काळ पुरातत्त्व खात्यात काम केले. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सरकारी नोकरी सोडली आणि छापखाना काढला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहायला जर्मनीला जाऊन आले. छापखाना चांगला चालला होता, पण भागीदारांशी पटले नाही. वयाच्या चाळिशीत, बायकामुले असताना, ते रिकाम्या हाताने बाहेर पडले.

हलते चित्र कुठे हलते?

अशा दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर येशू दिसत होता आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण चालू लागले. तिथून वेड लागले ते कायमचे.

इथे थोडे शास्त्र पाहू. पडद्यावरचे चित्र खरे तर हलत नाही. फिल्मच्या पट्टीवर एकामागून एक स्थिर चित्रे असतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चित्रे दाखवली जात. बोलपट आल्यावर ती २४ झाली. एक चित्र जाऊन दुसरे येईपर्यंत झडप बंद होते आणि पडद्यावर अंधार असतो. हा अंधार आपल्याला दिसत नाही, याचे कारण डोळ्यांत आहे. प्रकाशाची उघडझाप पुरेशी वेगाने झाली की दृष्टिपटलाला ती सलग वाटते. सेकंदाला १६ वेळा ही गती त्यासाठी पुरत नाही, चित्र लुकलुकते. म्हणून प्रक्षेपकाच्या झडपेला तीन पाती बसवत आणि एकच चित्र तीनदा चमकवत. १६ चे ४८ झाले की लुकलुक बरीच कमी होते. हे झाले डोळ्याचे काम. दोन स्थिर चित्रांमधला फरक जोडून हालचाल तयार करण्याचे काम मेंदू करतो. म्हणजे चित्रपट पडद्यावर कमी आणि प्रेक्षकाच्या कवटीत जास्त घडतो.

हे गणित समजून घ्यायला फाळके झपाटले होते. त्यांनी एक छोटा कॅमेरा आणि फिल्मची रिळे मिळवली. रात्री घरी मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून भिंतीवर चित्रे पाडायची. दिवसा चित्रपटगृहात बसायचे. रोज चार-पाच तास चित्रपट, उरलेल्या वेळात पुस्तके, यंत्रांच्या किमतींच्या याद्या आणि प्रयोग. झोप जेमतेम तीन तास. असे काही महिने चालले आणि दृष्टी अधू होत गेली. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. त्यांनी ऐकले नाही. अखेर दिसेनासे झाले.

डोळ्यांना काय झाले असेल?

चरित्रांमध्ये या आजाराला मोतीबिंदू म्हटलेले आढळते, आणि तो चित्रपट पाहून पाहून झाला असा आपला समज होतो. या समजाबद्दल बोलणे भाग आहे, कारण तो आजही घरोघरी आहे.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. वाढते वय, मधुमेह, तंबाखू, डोळ्याला मार, कडक उन्हातले अतिनील किरण, स्टिरॉइडची औषधे ही त्याची नेहमीची कारणे. पडदा पाहिल्याने, मंद उजेडात वाचल्याने मोतीबिंदू होत नाही. पण टक लावून पाहताना आपण पापण्या लवणे विसरतो. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास होणारी पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, लाल होतात, नजर धूसर होते. त्यात जागरणाची भर पडली की डोकेदुखी आणि थकवा येतो. मेणबत्तीचा धूर आणि अंधारातली लुकलुक असेल तर विचारायलाच नको.

आणखी एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही. फाळके तेव्हा एक्केचाळिसाव्या वर्षात होते. याच वयात डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते आणि जवळचे दिसणे अवघड होते. आपण त्यावरच्या चष्म्याला ‘चाळशी’ म्हणतो, ते उगाच नव्हे. फिल्मवरचे एकेक चित्र जेमतेम इंचभर रुंद. ते डोळ्यांशी धरून तासन् तास तपासायचे काम, ऐन चाळशीच्या वयात! त्यांच्या डोळ्यांत आधी काही बिघाड सुरू झालाही असेल. या राबणुकीने त्रास कळसाला नेला, यात नवल नाही.

त्यांच्यावर उपचार केले ते नेत्रतज्ज्ञ डॉ. प्रभाकर यांनी. उपचार आणि चष्म्यांच्या अनेक जोड्या यांनी त्यांची दृष्टी परत आली. हा चष्म्यांचा उल्लेख डॉक्टरला महत्त्वाचा वाटतो. मोतीबिंदू पुरता पिकला असेल तर नुसत्या चष्म्याने दिसत नाही. त्या काळी शस्त्रक्रियेने गढूळ भिंग काढून टाकत आणि रुग्णाला जाड काचांचा चष्मा लावत. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया १९४९ ची. दोष भिंगाच्या ताठरपणाचा किंवा सुरुवातीच्या धूसरपणाचा असेल तर मात्र योग्य नंबरच्या चष्म्यानेही जग बदलते. दूरचे, जवळचे आणि हाताच्या अंतरावरचे दिसायला तेव्हा वेगवेगळे चष्मे लागत. कारण कोणतेही धरा, निष्कर्ष एकच निघतो. हट्टाने डोळे गेले आणि औषधोपचाराने परत आले.

आणि आता तारखा पाहा. हे सारे घडले तेव्हा फाळके यांनी एकही कथापट काढलेला नव्हता. ‘राजा हरिश्चंद्र’ अजून डोक्यातच होता. डोळे परत आले नसते, तर त्यांचे नाव जुन्या छापखान्यांच्या इतिहासात एखाद्या तळटीपेत सापडले असते.

कुंडीतला वाटाणा

दृष्टी परतल्यावर फाळके थांबले नाहीत. आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले. तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटाची कामे जवळून पाहिली, विल्यमसन कॅमेरा, फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था केली आणि दोन महिन्यांत परतले.

पैसे लावणाऱ्यांची खात्री पटवायला त्यांनी जो पहिला छोटा चित्रपट केला, तो देवादिकांचा नव्हता. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर टप्प्याटप्प्याने एकेक चित्र घेत गेले. पडद्यावर बी फुटले, कोंब वर आला, वेल झाला. ‘अंकुराची वाढ’ हे त्याचे नाव. आजची मुले मोबाइलवर ‘टाइम लॅप्स’ म्हणून फूल उमलताना पाहतात, तीच ही युक्ती. तिचे गणित सोपे आहे. रोज एकच चित्र घेतले तर महिन्याची वाढ दोन सेकंदांत संपेल. मिनिटभर दाखवायची असेल तर साडेनऊशेच्या वर चित्रे लागतात, म्हणजे सुमारे पाऊण तासाला एक. केवढी चिकाटी! मंद हालचाल डोळ्यांना दिसत नाही आणि ती पाहायला कॅमेरा लागतो, हे त्यांनी एका वाटाण्यावर दाखवून दिले. जखम भरताना किंवा पेशी विभागताना पाहण्यासाठी वैद्यकशास्त्र आजही हेच तंत्र वापरते.

या सगळ्यात सरस्वतीबाईंचे काम विसरून चालणार नाही. दिवसा कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक, चित्रीकरणाच्या वेळी उजेड परावर्तित करायला पांढरी चादर धरून उभे राहणे आणि रात्री अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे. ही रसायने निरुपद्रवी नव्हेत. डेव्हलपरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या मेटॉलमुळे फोटोवाल्यांच्या हातांना खाज सुटे, कातडे फुटे. त्वचारोगाच्या पुस्तकांत त्याची नोंद आहे. त्या फिल्मचे पायाद्रव्य होते सेल्युलोज नायट्रेट. ते एकदा पेटले की पाण्यातही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्यातच असतो. शिवाय जळताना विषारी वायू सुटतात. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक या रुग्णालयात अशाच नायट्रेटच्या एक्स-रे फिल्म पेटल्या आणि १२३ माणसे गेली, त्यांतली अनेक धुरामुळे. त्यानंतर रुग्णालयांनी सुरक्षित फिल्मचा आग्रह धरला. दादरच्या राहत्या घरात चाललेला हा उद्योग किती जोखमीचा होता, हे यावरून कळावे.

‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट. तारामतीचे काम करायला बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात तो लागला आणि पुढचे सगळे आपल्याला ठाऊक आहे.

चंद्रावरची स्वारी आणि लंकादहन

त्याच्या अकरा वर्षे आधी, १९०२ मध्ये, फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस यांनी चंद्रावरच्या सफरीचा मूकपट केला होता. विज्ञानकल्पनेवरचा तो आरंभीचा गाजलेला चित्रपट. मेलिएस मूळचे जादूगार. आपले फाळकेही जादूचे प्रयोग केलेले. एकाने तोफगोळ्यातून माणसे चंद्रावर पाठवली, दुसऱ्याने मारुती आकाशातून लंकेला पाठवला. गोष्टी वेगळ्या, पण कारागिरी एकच. कॅमेरा थांबवायचा, माणूस हलवायचा, पुन्हा सुरू करायचा. पडद्यावर माणूस अदृश्य होतो. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करायचे. एका माणसाची दोन रूपे दिसतात. ‘लंकादहन’ (१९१७), ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८), ‘कालिया मर्दन’ (१९१९) यांतली सगळी नवलाई या हिशेबावर उभी होती. ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली होती. आगपेटीच्या काड्या हलवून त्यांनी चलच्चित्रेही केली आणि चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारा एक माहितीपटही काढला. आपली विद्या झाकून ठेवण्याची त्यांची वृत्ती नव्हती.

पुढची वर्षे चढउतारांची होती. नाशिकला कंपनी नेली, पहिल्या महायुद्धाने पैशाची वाट अडवली, भांडवलदार भागीदार आले, त्यांच्याशी बिनसले, काही काळ काशीला जाऊन राहिले, पुन्हा परतले. मग बोलपट आला आणि मूकपटाचा जमाना ओसरला.

अशा वेळी त्यांना बोलावणे आले ते आपल्या कोल्हापुरातून. राजाराम महाराजांच्या आश्रयाखालच्या कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ केला. कथालेखनात साथ होती कादंबरीकार नारायण हरी आपटे यांची. स्वर्गातून गंगा उतरवायची म्हणजे पुन्हा तीच जादू, तीच भिंगे, तोच हिशेब. १९३७ मध्ये तो प्रदर्शित झाला तेव्हा दादासाहेब ६७ वर्षांचे होते. त्यांचा खऱ्या अर्थाने बोलपट म्हणून घडवलेला हा एकमेव चित्रपट आणि शेवटचाही. त्यानंतर ते नाशिकला गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

नव्वदहून अधिक कथापट आणि पंचवीसच्या वर लघुपट एवढी त्यांची कामगिरी मोजली जाते. हे सगळे दृष्टी परतल्यानंतरचे आहे. म्हणून या गोष्टीतून ‘झोपू नका, राबत राहा’ असा धडा कोणी मुलांना देऊ नये.

सरकारी रुग्णालयात काम करताना हा धडा मनावर घेतलेली पुष्कळ माणसे भेटतात. हुपरीचा चांदी कारागीर, गुजरीतला सोन्याचे बारीक काम करणारा, शिलाई मशीनवर बसणारी ताई. चाळिशी उलटली, जवळचे दिसत नाही, डोके दुखते, तरी सीझन संपला की बघू, असे म्हणत वर्ष काढतात. कोणी रस्त्यावरून तयार चष्मा घेतो. कोणी मेडिकलमधून थेंब आणून घालतो; त्यात स्टिरॉइड असेल तर काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही मागे लागू शकतात.

साध्या चार गोष्टी पाळाव्यात. चाळिशी आली की डोळे तपासून घ्यावेत, नंबरबरोबर डोळ्याचा दाबही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा दृष्टिपटलाची तपासणी करावीच, नीट दिसत असले तरीही. बारीक काम किंवा मोबाइल-संगणकाचे काम असेल तर दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद लांब पाहावे आणि मुद्दाम पापण्या लवाव्यात. आणि अचानक कमी दिसू लागले, नजरेसमोर पडदा आला, विजा चमकल्यासारखे वाटले किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हातातले काम दुसऱ्या दिवशीही करता येते.

३ मे रोजी दादासाहेबांचे स्मरण करताना सरस्वतीबाईंचे नाव घेतले पाहिजे, आणि त्यांच्याबरोबर डॉ. प्रभाकरांचेही. चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येते. पण त्यांनी ते डोळे बरे केले नसते, तर ‘हरिश्चंद्र’ ते ‘गंगावतरण’ हा पंचवीस वर्षांचा प्रवास झालाच नसता.